अठराशेचा ट्वीटर की नऊ हजारांचा? आलेख तर सारखेच!

तांब्याची_तार
दिवाळीत हाती घेतलेले बुकशेल्फ स्पीकर अजून ट्वीटरपाशीच (बारीक, उंच सूर काढणारा छोटा स्पीकर) अडलेत. दोन जोड्या समोर आहेत. एक रेशमी डोमची (घुमटासारख्या पडद्याची), अठराशे रुपये नग. दुसरी ॲल्युमिनियम डोमची, नऊ हजार. दोन्ही २५ मिमी. एकाच फळीवर आळीपाळीने बसवले, १ मीटरवर माइक, ८५ डेसिबलला स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर). २ ते १५ हजार हर्ट्झमध्ये दोन्ही रेघा दीड डेसिबलच्या आत. डिस्टॉर्शन (मूळ सुरात नसलेली भर) मात्र १० हजारला रेशमीचं १.१%, धातूचं ०.३%. म्हणून माझं मत: पैसे गेले तरी चालतील, धातूचाच घ्यावा. कानाने ठरवणं म्हणजे पत्रिका जुळवणं.

जवारी
पत्रिका तुम्हीच जुळवताय, आकड्यांची! तानपुरा लावा आणि ऐका. धातूचे डोम मला तरी कर्कश वाटतात. झांजा वाजल्या की कानात टोचतं. हे कुठल्या टक्क्यात येतं सांगा.

अर्धा_डेसिबल
@जवारी, टोचतं ते धातूमुळे असेलच असं नाही. २५ मिमीच्या ॲल्युमिनियम डोमचं स्वतःचं झंकारणं साधारण २५ हजारांच्या पुढे असतं, तिथे माणसाचा कान पोचत नाही. टोचणारा भाग बहुतेकदा ३ ते ५ हजारांतला दोन-तीन डेसिबलचा उंचवटा असतो आणि तो रिस्पॉन्समध्ये (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज, त्या आलेखात) सरळ दिसतो. आवाज सारखे करून ऐकलं होतं का? अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला ट्वीटर उगाच 'खुला' वाटतो.

@तांब्याची_तार, तुमचा १.१% मला पटत नाही. १० हजारचं सेकंड हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा जादा सूर) २० हजार, थर्ड (तिप्पट) ३० हजार. ते ऐकायला शेजारचं कुत्रं बोलवावं लागेल. ट्वीटरची परीक्षा खालच्या टोकाला. तेवढ्याच आवाजासाठी फ्रिक्वेन्सी निम्मी केली की डोमला चौपट हलावं लागतं. दीड ते तीन हजारमध्ये, जोरात मोजा. आणि पंखा बंद होता ना? ०.१% म्हणजे ६० डेसिबल खाली. ८५ मधून ६० गेले, उरले २५. एवढी शांतता आपल्या हॉलमध्ये पहाटे तीनलाही नसते.

तांब्याची_तार
पंखा चालू होता. :(

जवारी
कुत्र्यावर हसलो, पण हिशेब अर्धाच झाला. १० आणि ११ हजारचे दोन सूर एकत्र वाजवा. ज्याचं सेकंड हार्मोनिक जास्त, तो ट्वीटर त्यांच्या वजाबाकीचा १ हजारचा सूरही काढणार. क्रॉसओव्हर (उंच सूर ट्वीटरकडे, खालचे वूफरकडे वाटणारं सर्किट) तो अडवत नाही, कारण तो ट्वीटरमध्येच जन्मतो. हार्मोनिक निदान स्वराच्या पटीत असतं, तानपुऱ्याच्या नादात मिसळून जातं. हा मात्र कुठल्याच सप्तकात बसत नाही.

अर्धा_डेसिबल
मान्य, हा मुद्दा माझ्याकडून सुटला. दोन सुरांची चाचणीही करा. तरी माझा क्रम तोच: आधी समोरचा रिस्पॉन्स, मग ३० आणि ६० अंशांवरचा, मग डिस्टॉर्शन. समोरचा खड्डा इक्वलायझरने भरता येतो, बाजूला आवाज कसा पसरतो ते नाही. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडात पडद्याआड स्पीकर ठेवून ऐकणाऱ्यांची पसंती तपासली, तेव्हा बाजूचा आवाजही सपाट-गुळगुळीत असलेलेच पुढे आले होते.

तांब्याची_तार
काल रात्री पंखा बंद, ९५ डेसिबल. घामाघूम. २ हजारला थर्ड हार्मोनिक: रेशमी १.८%, धातू ०.५%. मग शंका आली की हे माइकचं तर नाही? माइक २ मीटरवर नेला. माइकवरचा आवाज ६ डेसिबलने पडला, टक्के तेच राहिले. म्हणजे ट्वीटरचंच. पण ३ हजारच्या वर दोघे जवळजवळ सारखे!

जवारी
मग रेशमीच घ्या, क्रॉसओव्हर ३ हजारला ठेवा. वाचलेल्या पैशात गाण्याच्या बैठकीला जा.

अर्धा_डेसिबल
वूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) केवढा? साडेसहा इंची ३ हजारपर्यंत ओढलात तर कडेला बसलेल्याला आवाज दबका येईल.

तांब्याची_तार
साडेसहाच आहे. शनिवारी मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला जातोय, पाच इंची बघायला. खोकी पुन्हा कापावी लागणार, हे घरात अजून सांगितलेलं नाही.