टँकच्या मातीतून बुडबुडे येतायत आणि वास मारतोय, सगळं उपसून काढू का?

गुहागरचा_गप्पी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझा माशांचा टँक दोन फुटी आहे, २४ × १२ × १५ इंच, म्हणजे काठोकाठ भरला तर ७० लिटर. लावून साडेतीन आठवडे झाले. एक्वा सॉइलची (टँकमधल्या झाडांसाठी विकत मिळते ती माती) किंमत ऐकून गप्प बसलो आणि व्हिडिओ बघून मातीचा टँक केला. खाली घरामागच्या कलमांखालची लाल माती, त्यात दोन ओंजळी शेणखत (आमच्याच गोठ्यातलं, फार जुनं नव्हतं हे आता कळतंय), हा थर झाला दोन इंच, त्यावर वाळू साडेतीन इंच. वाळू समुद्रावरची, बादलीत सात-आठ पाण्यांनी धुतली. झाडं म्हणजे वॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि दोन क्रिप्टोकोरीन. मासे १० गप्पी, गेल्या आठवड्यात सोडले.

पहिले दोन दिवस मोठे मोठे बुडबुडे आले, मी म्हटलं हवा असेल, मग थांबले पण. आता आठ दिवसांपासून काचेतून बघितलं तर मातीच्या थराला आंबोळीसारखी जाळी पडलीय, प्रत्येक भोकात बुडबुडा अडकलेला, आणि मधेच एखादा बुळुक करून वर येतो, दिवसा पण आणि रात्री पण. काल क्रिप्ट नीट बसवायला बोट खुपसलं तर एकदम माळच आली वर आणि असला वास सुटला की आई आतून ओरडली, अंडं फुटलं काय रे! मातीत दोन ठिकाणी काळे डाग पण दिसतायत. आणि आज सकाळी उठून बघतो तर सगळे गप्पी वर येऊन तोंड उघडमीट करतायत. रात्री एक ते पहाटे सहा लाईट नव्हती, ते पण सांगून ठेवतो.

जिथून मासे घेतले तो दुकानवाला म्हणतो विषारी गॅस आहे, सगळं फेकून दे आणि रंगीत खडी घाल. काय करू? झाडं आत्ता कुठे धरायला लागलीयत म्हणून जीव होत नाही.

वाढवण_हातात

कित्या उपसतंस? रवांदे रे. माझ्या टाकीत पण पयल्या म्हयन्यात असाच झाला होता. माडाचो एक हीर (झावळीची काडी) घे, नव्या वाढवणीतलो (खराट्यातलो), धुवन घे, आणि रोज चार-पाच जागी हळूच टोच. बोट घालू नको. खडी घालूक सांगणारो खडीच विकता ना?

आगळ_सोडा

दादा मी उलटं सांगतो, आधी मासे काढ. गेल्या वर्षी माझ्याकडे सेम केस, मी शहाणपणा करून सगळी माती एका दिवसात हाताने ढवळली, म्हटलं गॅस निघून जाईल एकदाचा. टँकचा चहा झाला आणि संध्याकाळपर्यंत अर्धे मासे गेले. गॅसने गेले की काय माहीत नाही, पण ढवळू नको एवढं लक्षात ठेव.

निवृत्त_प्रयोगवही

गप्पी, तुमचं वर्णन चांगलं आहे, वेळा दिल्यात हे फार बरं केलंत. मी रसायनशास्त्र शिकवायचो त्यामुळे थोडं लांबेल.

पहिल्या दोन दिवसांचे बुडबुडे ही नुसती हवाच. कोरड्या मातीवर पाणी ओतलं की कणांमधली हवा कोंडते. माती आधी पातळ चिखल करून थापली असती तर ते झालं नसतं. नंतरचे मात्र कुजण्याचे आहेत. एक सोपी खूण सांगतो. बुडबुडे फक्त लाईट चालू असताना येत असतील, आणि काचेलगत वाळूत हिरवा पट्टा दिसत असेल, तर तो शेवाळाचा ऑक्सिजन, काचेच्या त्या भागाला बाहेरून काळी टेप लावली की बंद. तुमचे रात्री पण येतात, म्हणजे ते जिवाणूंचं काम.

आता आपल्या भातखाचराचा विचार करा. चिखलणीच्या वेळी पाय टाकला की घोट्याभोवती बुडबुडे येतात ना, तोच प्रकार तुमच्या टँकमध्ये चाललाय. पाण्याखालच्या मातीत ऑक्सिजन वरच्या थोड्या थरातच पोचतो. खालचे जिवाणू मग नायट्रेट वापरतात, त्यातून नायट्रोजन निघतो, मग लोह वापरतात, मग सल्फेट, आणि यातलं काहीच उरलं नाही की मिथेन तयार होतो. १७७६ साली व्होल्टाने इटलीतल्या मॅजोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळून हेच बुडबुडे बाटलीत धरले होते आणि तो वायू पेटतो हे दाखवलं होतं, ज्याच्या नावावरून आपण व्होल्ट म्हणतो तोच हा. आम्ही पण मुलांना घेऊन खाचरात उलटी बाटली धरायचो, मुलांपेक्षा मलाच जास्त मजा यायची ते सोडा.

मुद्दा असा की मिथेन आणि नायट्रोजनला वास नाही आणि ते पाण्यात फार कमी विरघळतात, म्हणून तर बुडबुडा होऊन अडकतात. अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो पाण्यात कितीतरी पटीने जास्त विरघळतो, त्यामुळे बुडबुड्यात तो नावापुरताच असतो, पण आपलं नाक त्याच्या बाबतीत इतकं तिखट आहे की नावापुरता पण पुरतो. माशांना विषारी आहे हे खरं, मात्र ऑक्सिजन असलेल्या पाण्यात आला की त्याचं लवकर ऑक्सिडेशन होतं. म्हणून थोडा थोडा सुटला तर चालतो, सगळा एकदम सोडला तर नाही. आगळसोडे यांनी केलं ते यासाठीच चुकीचं.

काळ्या डागांना घाबरू नका, उलट ते तुमच्या बाजूचे आहेत. आपल्या जांभ्याच्या मातीत लोह भरपूर. सल्फाइड त्या लोहाला चिकटतं आणि काळं आयर्न सल्फाइड होऊन तिथेच बसतं, पाण्यात येत नाही. खात्री करायची तर चमचाभर काळी माती काढून कागदावर पसरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी रंग बघा, आयर्न सल्फाइड असेल तर हवा लागून परत तांबूस होईल.

गुहागरचा_गप्पी

सर फार आभार, हे व्हिडिओवाल्याने काहीच सांगितलं नव्हतं. एक शंका, खाडीच्या चिखलाला हाच वास येतो पण खाचराला एवढा येत नाही, मग माझा वास समुद्राच्या वाळूमुळे आहे का?

निवृत्त_प्रयोगवही

शंका एकदम बरोबर आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं, त्यामुळे खारफुटीच्या चिखलात सल्फेटवाले जिवाणू मिथेनवाल्यांना पुढे येऊच देत नाहीत, आणि तो सगळा वास त्यांचा. गोड्या पाण्यात सल्फेट कमी म्हणून मिथेन जास्त. पण तुम्ही सात-आठ पाणी धुतलंय, मीठ बहुतेक गेलं असेल. गंधक तुमच्या ताज्या शेणखतातूनच येत असावं. वाळूचा दुसरा त्रास आहे, तो कोणीतरी सांगेलच.

चिपळूण_टँकवाली

मी सांगते सर 😄

अरे गप्पी, तुम्ही सगळे बुडबुड्यांच्या मागे लागलायत आणि मासे का वर आले ते कोणी बघतच नाहीये. रात्री झाडं पण ऑक्सिजन खातात, खाली शेणखत कुजतंय ते पण खातंय, आणि वर पाच तास फिल्टर बंद! त्यात आपल्याकडे पाणी २८-३० डिग्री. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच, म्हणजे सुरुवातच कमीवर. बॅटरीवर चालणारा एअर पंप घे, आपल्या भागात पावसाळ्यात त्याच्याशिवाय मासे ठेवायचेच नाहीत असं माझं मत आहे. आणि लाईट आली म्हणून बंद पडलेला कॅनिस्टर (बाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) तसाच चालू करू नकोस, आतलं पाणी सडलेलं असतं, ते आधी ओतून टाक. स्पंज असेल तर टँकच्या पाण्यात पिळून घे.

दुसरं म्हणजे अमोनिया मोजलास का? ताजं शेण म्हणजे अमोनिया आलाच, आणि समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, त्याने पीएच चढतो, आणि पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. (सल्फाइडचं उलटं आहे, ते कमी पीएचला जास्त वाईट, पण त्यावर खूश होऊ नकोस.) वाळू चिमूटभर वाटीत घे, वर व्हिनेगर टाक, फसफसली तर शिंपले आहेत. आगळ (कोकमाचा आंबट रस) वाया घालवू नकोस त्यासाठी.

तिसरं, साडेतीन इंच बारीक वाळू म्हणजे मातीवर झाकण ठोकलंयस तू. एक-सव्वा इंच पुरते. समुद्राची वाळू बारीक आणि एकसारखी, ती दबून बसते, बुडबुडा निघणार कुठून? मी नदीची वाळू चाळून घेते, दोन-तीन मिमीची, ती मोकळी राहते.

वाढवण_हातात

बघ, ताईन सगळा सांगल्यान. पण हीर इसरू नको.

गुहागरचा_गप्पी

ताई, व्हिनेगर टाकलं तर इनोसारखी फसफसली 😭 टेस्ट किट मित्राकडून आणलं, पीएच ८ आणि अमोनिया १ दाखवतोय. आता मासे कुठे ठेवू?

चिपळूण_टँकवाली

मग तेच. आजच ४० टक्के पाणी बदल, विहिरीचं असेल तर क्लोरीनचा प्रश्न नाही, फक्त टँकच्या तापमानाला आलेलं घे. मासे पिंपात काढ, त्यात एअर स्टोन सोड आणि टँकमधलीच मूठभर हायड्रिला टाक, तीन-चार आठवडे तिथेच राहू दे, खायला अगदी कमी घाल आणि रोज थोडं पाणी बदल. टँकचं पाणी पण एक दिवसाआड बदलत राहा. अमोनिया शून्य दिसल्याशिवाय मासे परत टाकू नकोस, कितीही मोह झाला तरी.

वाळू कमी करायची तर पाणी बदलताना पाइपने वरची वाळू ओढून घे, पण एका वेळी टँकचा एकच कोपरा. माती दिसायला लागायच्या आधी थांब. आणि हीर टोचायचा तो सकाळी, लाईट-फिल्टर चालू असताना, पाण्याचा पृष्ठभाग हलत असताना. लाईट गेलेली असेल तेव्हा मातीला हात लावायचा नाही.

निवृत्त_प्रयोगवही

ताईंचं बरोबर आहे, अमोनिया मी विसरलोच होतो. एकच जोडतो, झाडं वाढवा. भाताची रोपं उपटून बघितलीत तर मुळांवर गंजासारखा तांबूस थर दिसतो, मुळातून बाहेर पडलेल्या ऑक्सिजनने चिखलातलं लोह गंजतं त्याचा तो थर. तुमची वॅलिस्नेरिया आणि क्रिप्ट पण मुळातून असाच ऑक्सिजन सोडतात. हायड्रिला पाण्यातलं खत ओढून घेईल, पण माती सुधारायची तर मुळांची झाडं लागतात. एखादं उपटून मुळं बघा, पांढरी किंवा तांबूस असली तर काम चाललंय, काळी आणि बुळबुळीत असली तर त्या जागी हीर जास्त टोचा.

आगळ_सोडा

माझ्या नावावरून एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं 😅 पण ट्रम्पेट गोगलगायींबद्दल कोणी बोललं नाही? त्या दिवसभर वाळूत घुसून राहतात, आपोआप माती मोकळी होते. हीर टोचायचं काम त्याच करतात.

गुहागरचा_गप्पी

मंडळी, बरोब्बर अठरा दिवसांनी लिहितोय. अमोनिया चार दिवस झाले शून्य आहे, पीएच अजून पावणेआठ आहे, तो वाळू आहे तोवर राहणारच असं समजून चाललोय. वाळू दीड इंचावर आणली, पाच वेळात. पहिल्या कोपऱ्यातून ओढताना पाइपमध्येच बुडबुडे आले आणि बादलीला तो वास, आईने बादली मागच्या पडवीत ठेवायला लावली. नंतरच्या कोपऱ्यांना जवळजवळ नाही. आंबोळीची जाळी आहे अजून पण भोकं कमी झालीयत.

सर, काळी माती वर्तमानपत्रावर ठेवली होती. संध्याकाळी ठेवली तेव्हा शाईसारखी काळी, सकाळी कडा तांबूस आणि दुपारपर्यंत अख्खी आपल्या अंगणातल्या मातीसारखी. भाऊ विश्वासच ठेवेना, म्हणाला तू बदललीस. एक वॅलिस्नेरिया उपटून पण बघितली, मुळं पांढरी, खाली टोकाला तांबूस. बाजूला दोन धावत्या (नवं रोप येतं त्या आडव्या फांद्या) फुटल्यात.

गप्पी पिंपात मजेत आहेत, त्यात परवा पिल्लं झाली, आता मोजायचं सोडून दिलंय. पुढच्या रविवारी टँकमध्ये टाकेन म्हणतो. एअर पंप घेतला बॅटरीवाला, त्याच रात्री लाईट गेली, वसूल.

दोन क्रिप्टपैकी एकाची पानं सगळी विरघळली, पण बुडख्याशी हिरवं टोक दिसतंय, तसंच ठेवलंय.

ट्रम्पेट गोगलगायी कोणाकडे जास्तीच्या असतील तर पाहिजेत, चिपळूणपर्यंत येऊन नेतो.

चिपळूण_टँकवाली

ये. क्रिप्टला हात लावू नकोस, जागा बदलली की ते पानं टाकतंच, परत येईल.

वाढवण_हातात

माझ्याकडे बादलीभर आसत. व्हये तितके घेवन जा, पण परत हाडून देव नको.