मदत हवी आहे: कोलाडला राफ्टिंग, सोबत 66 वर्षांचे बाबा (अँजिओप्लास्टी झालेले) आणि 15 वर्षांची मुलगी

नमस्कार मंडळी,

कोलाडच्या कुंडलिका नदीवर राफ्टिंगला जायचं ठरतंय. पुण्याहून आम्ही चौघं: मी, नवरा, मुलगी आणि माझे बाबा. चौघांत पोहायला येतं फक्त बाबांना आणि काळजीही त्यांचीच आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) आहे. आता रोज 4 किलोमीटर चालतात, जिना चढताना धाप लागत नाही. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू आहेत.

राफ्टिंगचा हट्ट त्यांचाच. कोलाडच्या वरच्या अंगाला नदीकाठच्या एका गावात ते लहानाचे मोठे झाले. सकाळी 'भिऱ्याचं पाणी सुटलं' अशी हाळी आली की बायका धुणं गोळा करून वर यायच्या आणि पोरं कातळावरून उड्या टाकायची, हे आम्ही शंभरदा ऐकलंय. पुण्यात आल्यापासून मात्र ती नदी त्यांनी येता-जाता गाडीतूनच पाहिली. मागच्या महिन्यात लेकीने त्यांना राफ्टिंगचा एक व्हिडिओ दाखवला. त्यात मागे त्यांना ओळखीचं वळण दिसलं. तेव्हापासून रोज चहाच्या वेळी एकच प्रश्न, "कधी निघायचं?"

15 ऑगस्टला जोडून सुट्टी आहे, तेव्हा जावं असा विचार आहे. पण पावसाळ्यात जावं की नंतर? नंतर नदीला पाणी असतं का? मुलीला पोहता येत नाही, ते चालेल का? आणि मुख्य म्हणजे, बाबांना राफ्टमध्ये बसवावं का?

एका राफ्टिंगवाल्यांकडे फोन केला तर पलीकडचे म्हणाले, "काकांना आणा बिनधास्त, फक्त फॉर्मवर स्टेंटचं लिहू नका." ते ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. जाणकारांनी कृपया मोकळेपणाने सांगा.

सह्यवारा

ताई, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. ज्यांनी आजार लपवायला सांगितला त्यांच्याकडे जाऊ नका. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 साली आलं, त्यानुसार राफ्टिंग चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. बुकिंगआधी नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. टाळाटाळ केली तर दुसरीकडे बघा.

मी कोलाडला चार हंगाम राफ्टवर गाईड होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ही नदी पावसापेक्षा वीजघरावर चालते. भिऱ्याला वीज तयार करून सुटलेलं पाणी पुढे रावळजेच्या वीजघरातून जातं आणि मग पात्रात येतं. पाणी सुटलं की नदी भरते, बंद झालं की दगड उघडे पडतात. त्यामुळे राफ्टिंग सकाळीच असतं आणि वर्षभर चालतं. ऋषिकेशला जुलै-ऑगस्टमध्ये गंगेवरचं राफ्टिंग बंद असतं, इथे तसं नाही. पावसाळ्यात वरून ओढेही येऊन मिळतात, लाटा मोठ्या होतात, पाणी गढूळ होतं आणि फार पाऊस झाला तर फेरी रद्द करावी लागते. नोव्हेंबरात पाणी तेवढंच मजेचं पण अंदाजात असतं. सोबत वयस्कर माणूस आणि पोहता न येणारी मुलगी असेल तर मी नोव्हेंबरच सांगेन. पाणी सुटणार ना, याची आदल्या संध्याकाळी फोनवर खात्री करून घ्यायची.

अंतर साधारण 12 ते 14 किलोमीटर. रॅपिड्सची, म्हणजे नदीतल्या खळाळत्या टप्प्यांची, प्रतवारी 1 (सगळ्यात सोपी) ते 6 असते, इथले 2 आणि 3 मधले. पोहता येत नसलं तरी चालतं, लाइफ जॅकेट मात्र अंगाला घट्ट हवं. सगळे पट्टे आवळून झाले की मुलीच्या खांद्याजवळ जॅकेट दोन्ही हातांनी वर ओढून बघा. कानापर्यंत सरकलं तर बदलून घ्या, लाजू नका. माझ्या पहिल्याच हंगामात एक बाई पाण्यात पडल्या आणि ढिलं जॅकेट त्यांच्या तोंडावर चढलं. दोन मिनिटांत आम्ही त्यांना ओढून घेतलं, पण ती दोन मिनिटं मी विसरलेलो नाही.

पडलात तर उताणं व्हायचं, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने. उभं राहायला जाऊ नका. लोकांना वाटतं पाणी कमरेएवढंच आहे, उभे राहू. पाय दोन दगडांत अडकतो आणि मागून पाणी माणसाला पालथं पाडतं. मुलीला हे घरीच जमिनीवर झोपवून करून दाखवा.

जीन्स नको, लवकर वाळणारे कपडे आणि मागे पट्टा असलेल्या चपला घाला. अंगठ्या, मंगळसूत्र घरी. वय साधारण 14 पूर्ण लागतं, म्हणजे मुलीचा प्रश्न नाही.

डॉक्टरीणबाई

बाबांबद्दल लिहिते. इथे कुणीही "जाऊ द्या" किंवा "नको" म्हणालं तरी ते ऐकू नका, माझंही. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. भेटीत "फिरायला जातोय" असं मोघम नको. दीड-दोन तास बसून वल्हवायचं, मध्येच जोर लावायचा, पाण्यात पडलो तर घाबरून ठोके वाढणार, असं सगळं सांगा. हवी तर ते ट्रेडमिल टेस्ट करून घेतील.

दोन गोळ्या चालू असताना साधा मार लागला तरी रक्त लवकर थांबत नाही. राफ्टमध्ये वल्ह्याची मूठ शेजाऱ्याच्या तोंडावर बसणं ही नेहमीची गोष्ट. स्टेंटनंतर दोन गोळ्या एकत्र बहुधा 6 ते 12 महिने देतात, पुढे अनेकदा एकच राहते. नोव्हेंबरपर्यंत त्यांना वर्ष उलटेल, म्हणजे थांबण्यात फायदाच आहे. आणि कळकळीची विनंती, सहलीसाठी दोन दिवस गोळी बंद ठेवू असं काही मनाने करू नका. त्याने स्टेंट बंद पडू शकतो.

मावळवाट

ऑगस्ट नको, हे माझंही मत. 15 ऑगस्टच्या सुट्टीत वाटेतला ताम्हिणी घाट नकोच. गाड्यांची रांग, धुकं, वर दरडीची भीती. नोव्हेंबरात पहाटे 5 ला चांदणी चौकातून निघा. पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, मग सुतारवाडीवरून कोलाड. देवकुंडचा धबधबा त्याच दिवशी जोडू नका, बाबांना ती चाल झेपणार नाही.

एक गोष्ट विषयाला सोडून आहे, पण सांगावीशी वाटते. तुमचे बाबा ज्याला भिऱ्याचं पाणी म्हणतात ते आमच्या मुळशीचं. मुळा नदी अडवून ते सह्याद्रीतून पश्चिमेला उतरवलं आणि 1927 मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. त्याआधी 1921 ते 1924 सेनापती बापटांनी या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह केला. माझ्या पणजोबांचं घर त्या पाण्याखाली आहे. धरणाच्या काठाने जाल तेव्हा लेकीला दाखवा, थोड्या वेळाने ती ज्या पाण्यात भिजेल ते इथूनच निघालंय.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑगस्टचा बेत रद्द केला. बुधवारी बाबांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सह्यवारा यांचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. 'पाणी बंद झालं की दगड उघडे पडतात' इथे त्यांनी मला थांबवलं आणि त्या दगडांची नावं सांगत बसले. एकाला ते 'म्हशीची पाठ' म्हणायचे.

मावळवाट, मुळशीचं हे मला माहीत नव्हतं. बाबांनाही अर्धंच माहीत होतं. लेक आता तुम्हाला बरंच काही विचारणार आहे, तयार राहा.

डॉक्टर नाही म्हणाले तर मी त्यांना राफ्टमध्ये बसवणार नाही, हे त्यांना सांगून टाकलं. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला पाणी येताना तरी बघू दे." तेव्हा शेवटचा प्रश्न: ते जिथून नीट दिसेल अशी जागा आहे का?

सह्यवारा

आहे. रावळजेला राफ्ट उतरवतात तिथेच वर काठावर सावलीत बसवा, घरून खुर्ची न्या. पात्रात मात्र उतरू देऊ नका, पाणी भराभर चढतं. राफ्ट सुटायच्या तासभर आधी पोचा. आधी आवाज येतो, पाणी नंतर दिसतं. 'म्हशीची पाठ' नेमकी कुठे ते विचारून सांगाल का? आम्ही चार वर्षं त्याच दगडाला बहुतेक दुसऱ्याच नावाने हाक मारत होतो.