हरिश्चंद्रगड, ऑक्टोबर, घरचीच मंडळी: कुठून चढावं, काय न्यावं?

निवडुंग
ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगड ठरतोय. माणसं सहा: मी, नवरा (वय ५२, मधुमेह, गोळ्या चालू, रोज तासभर चालतो), बारावीतली लेक, दोन कॉलेजवाले भाचे आणि त्यांचा एक मित्र. आम्ही ठाण्याचे. पेब, लोहगड, कळसूबाई झालेत, पण गडावर मुक्काम कधी केलेला नाही. भाच्यांनी कुठलीतरी रील बघून "मामी, नळीच्या वाटेनेच जाऊ" असा धोशा लावलाय.
पायथ्याच्या पाचनई गावातून चढावं की खिरेश्वरहून? बूट कुठले घ्यावेत? एखाद्या ग्रुपबरोबर पैसे भरून जावं की आपलं आपण? नवऱ्याच्या शुगरचं काय सांभाळायचं? लेकीची पाळीही नेमकी त्याच सुमारास आहे.

कातळखोदी
पाचनई. पुढचा प्रश्न.

आडवाट
कातळखोदींशी सहमत, पण भाच्यांना पटायला हवं म्हणून सविस्तर लिहितो.
नळीची वाट खाली कोकणातल्या बेलपाड्याहून थेट कोकणकड्याच्या, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या उभ्या कड्याच्या, कुशीतून वर येते. अख्खा दिवस सुट्या दगडांची घळ. वरच्याचा पाय सरकला की दगड खालच्याच्या डोक्याकडे निघालाच. काही कातळटप्प्यांना दोर लागतो. आणि अर्ध्यात पोचल्यावर "चला, परत फिरू" म्हणायची सोय उरत नाही, कारण तीच घळ उतरणं चढण्याहून वाईट. तिथे कुणाचा पाय मुरगळला तर काढायला रेस्क्यूची माणसं येतात, ती स्वतःची नोकरी-धंदा सोडून, बिनपैशाची. रीलमध्ये हे दिसत नाही.
खिरेश्वर ठाणेकरांना प्रवासाला सोपं. माळशेज चढून खुबी फाटा, तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने गाव. पण चढाई लांब. तोलार खिंडीनंतर रेलिंगचा कातळटप्पा, आणि तो संपला की गड आला असं वाटतं तिथून एकामागून एक टेकड्या सुरू होतात. धुकं असेल तर सगळ्या सारख्याच दिसतात. चुकणारी माणसं बहुतेक इथेच चुकतात.
पाचनईहून तुमच्या चालीने तीन तास धरा. कसारा, घोटी, राजूर करत गावात पोचायचं. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, कारण हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. पुढे जंगल, मग डोक्यावर आलेल्या कड्याखालून आडवी वाट, मग मंगळगंगा नदीच्या सोबतीने थेट गडावरच्या देवळापाशी.
ऑक्टोबर म्हणजे पाऊस गेला असं मात्र धरू नका. परतीचा पाऊस सकाळी लख्ख ऊन दाखवतो आणि दुपारी तीनला गडगडत येतो. म्हणून सकाळी सातला चढायला लागा. विजा सुरू झाल्या तर कड्यावरून, मोकळ्या पठारावरून आधी खाली या, एकट्या झाडाखाली उभं राहू नका. वाटेतल्या ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यातून काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, तर वर कुठेतरी जोरात पडतंय. अलीकडच्या काठावर बसून राहा. हे ओढे जसे चढतात तसे उतरतातही, तास-दोन तासांचा प्रश्न असतो. २०२४ च्या जूनअखेरीस भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, ते पाणी असंच वाढलं होतं.

रानहळद
पाळीचं कुणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. ट्रेकला काही अडत नाही, फक्त तयारी हवी. झिपच्या दोन पिशव्या घ्या, एक कोऱ्या पॅडची, एक वापरलेल्यांची. दुसरीला बाहेरून जुना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा म्हणजे मुलीला अवघडल्यासारखं होणार नाही. पॅड तिथे पुरायचं नाही आणि जाळायचंही नाही. पुरलेलं रानडुकरं-कुत्री उकरतात. ठाण्याला आणून टाकायचं. कप वापरत असेल तर हात धुवायला वेगळी बाटली ठेवा.
शौचाला जायचं तर पाण्याच्या टाक्यांपासून आणि ओढ्यापासून निदान शंभर पावलं लांब, छोटं खुरपं घेऊन. वीतभर खड्डा, नंतर माती. गडावरच्या टाक्यांतलं पाणी लोक पितात. त्यात पाय बुडवून बसलेल्यांना मी मोठ्या आवाजात उठवते, वाईटपणा आला तरी चालतो.
कपडे पूर्ण बाह्यांचे, पूर्ण पायाचे. कारवी आणि गवत अंगावर येतं. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. डिओ-परफ्यूम घरी ठेवा. कड्यांना आग्या मोहोळ असतं, त्याला उग्र वास, धूर आणि स्पीकर तिन्ही खपत नाहीत.

गूळशेंगदाणे
शुगरबद्दल. डॉक्टर नाही, पण घरात हा विषय रोजचा आहे. गोळ्यांवर असलेल्या माणसाची सलग चढाईत शुगर उतरू शकते, म्हणून त्या दोन दिवसांचा डोस डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आदल्या आठवड्यातच विचारा, शुक्रवारी रात्री फोनवर नको. दर तासाला काहीतरी पोटात जाऊ दे. ग्लुकोजची पुडी त्यांच्या खिशात एक आणि लेकीच्या सॅकमध्ये एक. ती कुठल्या कप्प्यात आहे ते सहाही जणांना माहीत हवं. घाम, थरथर, चिडचिड सुरू झाली की थांबा, ग्लुकोज द्या. "थोडंच राहिलंय" हे वाक्य अशा वेळी चालत नाही.
आणि त्यांचे तळपाय संध्याकाळी टॉर्च लावून बघा. मधुमेह्याला फोड आलेला कळेलच असं नाही.
बूट: आपल्याकडचे बरेच भटके ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंग बूट घालतात, स्वस्त आणि ओल्या कातळावर पकड बरी. कुठलेही घ्या, पण आत्ताच घ्या आणि महिनाभर बाजारहाट त्यातच करा.

आडवाट
ग्रुपबद्दल राहिलं. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ती आहे का, लीडर किती जणांमागे एक, प्रथमोपचार येणारा कोण, हे तीन प्रश्न विचारा. उत्तराऐवजी "काळजी करू नका" आलं तर काळजी करा. तुम्ही सहाच आहात, मी म्हणेन पाचनईतलाच एखादा वाटाड्या घ्या. पैसे गावात राहतात आणि त्याला धुक्यातही वाट दिसते.
फोनला रेंज भरवशाची नाही. रविवारी संध्याकाळी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं, ते ठाण्यात एकाला लिहून द्या. माणशी एक हेडटॉर्च आणि शिट्टी. मोबाईलची टॉर्च धरली की उतरताना एक हात गेला.

निवडुंग
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा भाच्यांना वाचायला दिला, नळीची वाट सुटली. आता म्हणतात तंबू तरी कोकणकड्यावर लावू आणि इंद्रवज्र बघू. आणि साप?

कातळखोदी
तंबू कड्यापासून लांब, देवळाच्या बाजूला. रात्री वारा कसा सुटतो ते पहिल्यांदा येणाऱ्याला सांगून कळत नाही, आणि झोपेत लघवीला उठलेल्या माणसाला दिशा नसते.
इंद्रवज्राला सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुकं लागतं. कडा पश्चिमेकडे बघतो, म्हणजे संधी सकाळची. गोल इंद्रधनुष्यात आपलीच सावली दिसते, आणि ती नीट दिसावी म्हणून लोक एकेक पाऊल पुढे सरकतात. धुक्यात कड्याची धार कळत नाही. तिथे पोटावर झोपूनच बघायचं, मागे एकाने पाय धरून.
साप: दगडाआड, गवतात हात-पाय बघून ठेवा, रात्री टॉर्चशिवाय हिंडू नका. चावलाच तर घट्ट आवळणं, चिरणं, चोखणं काही करायचं नाही. अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली न्या आणि १०८ किंवा राजूरचं ग्रामीण रुग्णालय गाठा. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका.

रानहळद
गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवतीचं पाणी गार असतं, लेकीला सुका टॉवेल सॅकमध्ये वरच ठेवायला सांगा. आणि पाचनईत रविवारच्या जेवणाचं शनिवारी चढतानाच सांगून ठेवा, किती माणसं ते धरून. न सांगता उतरलात तर पिठलं-भाकरीला तासभर बसावं लागतं, आणि मग कसारा घाट अंधारात.