विद्यार्थ्यांची वेबसाइट सोपी करायची आहे, मेनू कसा लावावा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमच्या विद्यार्थी समूहाची वेबसाइट नव्याने करतोय. नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, शिष्यवृत्तीच्या मुदती असं सगळं तिथे आहे, पण वेळेवर सापडत नाही. मेनू समितीच्या रचनेप्रमाणे लावलाय: 'शैक्षणिक विभाग', 'उपक्रम विभाग' वगैरे. कोणता विभाग काय बघतो हे नव्या मुलांना कुठून माहीत असणार? त्यांना फक्त जुनी प्रश्नपत्रिका हवी असते, तीही मोबाइलवर.

म्हणून कार्ड सॉर्टिंग करायचं ठरवलंय, म्हणजे विषय चिठ्ठ्यांवर लिहून विद्यार्थ्यांनाच त्यांचे गट पाडायला सांगायचे. कोणी केलंय का हे? गटांची नावं आधीच द्यावीत की त्यांनाच सुचवू द्यावीत? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण त्यातून मुलं कोणते शब्द वापरतात ते कळेल.

जुन्या लिंक ३०१ रीडायरेक्टने (पान कायमचं नव्या पत्त्यावर गेल्याचं ब्राउझरला सांगणारी सोय) नव्या पानांवर वळवणार आहोत. रंगांना डब्ल्यूसीएजीचं (वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीचे निकष) ४.५:१ कॉन्ट्रास्टचं, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं, प्रमाण लावलंय, तिथे अडचण नाही.

अडलंय ते होमपेजवर. सर्वांत वर सर्च ठेवावा की मुदती, यावर आमचं एकमत होत नाहीये. मला मुदतीच वर हव्यात, शिष्यवृत्तीची तारीख हुकली तर एखाद्याचं शिक्षण अडू शकतं. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.