बहिणीचा टीएसएच ६.८ आणि क्रिएटिनिन ०.९, चौथा महिना लागलाय. कुणाला दाखवू?

नमस्कार. मी मूळची खानापूरची, लग्नानंतर बेळगावात. प्रश्न धाकट्या बहिणीचा आहे. तिचं सासर जांबोटीच्या पुढं. पहिलंच बाळंतपण, काल १४ आठवडे पूर्ण झाले.

नवव्या आठवड्यात रक्त तपासलं तेव्हा टीएसएच (थायरॉईडची तपासणी, थायरॉईड कमी पडलं की हा आकडा वाढतो) ६.८ आला, फ्री टी-४ म्हणजे रक्तातलं थायरॉईडचं हार्मोन ठीक होतं. डॉक्टरांनी थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी लावली. त्याच कागदावर खाली क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) ०.९ आणि लघवीत अल्ब्युमिन हे प्रोटीन ‘ट्रेस’, म्हणजे अगदी किंचित, असं होतं. छापील रेंज ०.६ ते १.१, त्यामुळं पुढं कसली खूण नाही आणि त्यावर कुणी काही बोललंही नाही. मीसुद्धा तेव्हा सोडून दिलं.

परवा वाचनात आलं की गरोदरपणात किडनी जवळजवळ दीडपट काम करते, म्हणून क्रिएटिनिन उतरतं आणि साधारण ०.४ ते ०.८ च्या दरम्यान राहतं. मग एरवी चालणारं ०.९ पोटुशी बाईला चालतं का? तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

रविवारी तिला भेटून आले. आशाताईंनी रक्तवाढीची गोळी आणि कॅल्शियम दिलंय. सासूबाई मायेच्या आहेत, विसरायला नको म्हणून तिन्ही गोळ्या सकाळी एकदमच चहाबरोबर देतात. घरात आमटीभाजीला खडेमीठ, आयोडीनचं नाही. तायी कार्ड (गरोदर बाईचं सरकारी तपासणी कार्ड) कन्नडमध्ये, लॅबचा कागद इंग्रजीत आणि बहीण शिकली मराठी शाळेत. तोंडी जेवढं सांगतील तेवढंच तिला कळतं. याचंच मला जास्त वाईट वाटतं.

थायरॉईडमुळं क्रिएटिनिन वाढतं का? तिच्या डॉक्टरांना नेमकं काय विचारू? पावसात तिला बेळगावला आणायचं तर एकाच फेरीत सगळं व्हावं असं वाटतं.

प्रतिसाद, चिकोडीहून

अक्का, मी दोन वर्षांपूर्वी यातून गेले, म्हणून लिहिते. आधी गोळ्यांची वेळ बदला, ते आजच होईल. थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासानं. लोह आणि कॅल्शियम त्यानंतर किमान ४ तासांनी, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. मी लोहाची दुपारी जेवल्यावर आणि कॅल्शियम रात्री घ्यायची. सासूबाईंना समोर बसवून सांगा, त्या पाळतील.

दुसरं, गोळी सुरू होऊन ५ आठवडे झाले, म्हणजे टीएसएच परत करायची वेळ झाली. पाचव्या महिन्यापर्यंत दर ४ आठवड्यांनी बघतात. बाळाची स्वतःची ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते, पण पुरेसं हार्मोन बनवायला आणखी काही आठवडे जातात. तोवर भिस्त आईवरच. म्हणून हे पुढं ढकलू नका. आयोडीनचं मीठ जरूर वापरा, पण त्यानं गोळी सुटत नाही.

थायरॉईड फारच कमी असेल तर किडनीकडं रक्त कमी जातं आणि क्रिएटिनिन थोडं चढतं, गोळीनं पुन्हा उतरतं. पण टी-४ ठीक असताना ०.९ चं खापर थायरॉईडवर फोडून गप्प बसू नका, असं मला माझ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. लग्नाआधीचा एखादा जुना रिपोर्ट शोधा. तेव्हा किती होतं हे कळलं की डॉक्टरांना अंदाज येतो.

प्रतिसाद, निपाणीहून, लॅबमध्ये काम करतो

ताई, आमच्या छापील कागदावरची रेंज सर्वसाधारण बायकांची असते, गरोदर बाईची वेगळी छापलेली नसते. त्यामुळं खूण नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. ‘ट्रेस’ मात्र अंगावरून पांढरं जाण्यानंही येतं. स्वच्छ धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली लघवी द्यायला सांगा. त्याच नमुन्यावर प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करून घ्या, लघवीतून प्रोटीन खरंच किती जातं ते त्यातून कळतं. ०.३ किंवा वर आला तर डॉक्टर गांभीर्यानं घेतात. लघवीचं कल्चर (जंतुसंसर्गाची तपासणी) आणि बीपीही बघाच. पहिल्या महिन्यांतलं बीपी लिहून ठेवलेलं असलं की पुढं २० आठवड्यांनंतर १४०/९० झालं तर ते नवं की जुनं हे लगेच कळतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तेव्हा डॉक्टर भेटतात.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे खूप आभार. तुमचं वाचून बहिणीला इकडंच घेऊन आले. माहेरच्या पेटीत टायफॉईडच्या वेळचा, ३ वर्षांपूर्वीचा कागद मिळाला. त्यात क्रिएटिनिन ०.९ च आहे, म्हणजे दिवस गेल्यावर जे उतरायला हवं होतं ते उतरलेलं नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून डॉक्टरीणबाईंना दाखवले. त्यांनी नीट बघितले, टीएसएच, क्रिएटिनिन आणि लघवीचा रेशो परत करायला सांगितला, किडनीची सोनोग्राफीही लिहून दिली. बीपी ११०/७०. रेशो जास्त आला तर किडनीच्या डॉक्टरांकडं पाठवते म्हणाल्या.

गोळ्यांच्या वेळा मी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या तायी कार्डात घातल्यात. नमुने आज सकाळी दिले. आकडे आले की इथंच टाकते, तोवर बेळगावात गरोदर बायकांना बघणारे किडनीचे डॉक्टर कुणाला माहीत असतील तर कृपया कळवा.