अंध मुलांच्या हाती वेतच का दिला?

शिवणटाका: एकोणिसाव्या शतकातल्या अंधशाळांचं मोठं कौतुक होतं. मला मात्र तिथल्या हस्तकलेच्या सक्तीचा राग येतो. लुई ब्रेल १८१९ साली पॅरिसच्या शाळेत आला तेव्हा दहा वर्षांचा होता. वडील खोगिरं-लगाम करायचे, त्यांच्याच आरीने डोळा गेलेला. त्यालाही शाळेत सपाता करायला बसवलं. त्याच मुलाने १८२९ साली ठिपक्यांची लिपी पुस्तकरूपाने मांडली. फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली १८५४ साली, तो जाऊन दोन वर्षं झाल्यावर. वाचनाआधी सपाता, हा क्रम कुणी ठरवला?

गुंडाळी: भुकेने ठरवला. लिव्हरपूलची शाळा १७९१ची, तिच्या नावातच 'निर्धन अंध' होतं. भीक मागणं किंवा नातेवाइकांच्या ओसरीवर पडून राहणं, एवढंच पुढे दिसत होतं. माझे मामा दृष्टिहीन आहेत, शाळेत वेताची खुर्ची विणायला शिकले. उभे पदर, आडवे पदर, मग तिरके. वेत भिजवून घ्यायचा, नाहीतर तडकतो. पहिल्या कमाईतून आजीला लुगडं आणलं त्यांनी. लिपीने ते लुगडं आलं नसतं.

शिवणटाका: मामांबद्दल आदरच आहे. पण बोस्टनच्या पर्किन्स शाळेला १८४० साली प्रौढांसाठी वेगळी कर्मशाळा काढावी लागली, कारण शिकून बाहेर पडलेल्यांना डोळस लोक कामावर घेत नव्हते. हात तयार होते, काम देणारा नव्हता. मग ते पोटापाण्याचं शिक्षण कसं?

सूरपेटी: दोघांनीही पियानो सोडलात! पॅरिसच्याच शाळेतला क्लोद मोंताल. त्याने आणि एका सोबत्याने पियानो खोलून पाहिले. सूर लावणाऱ्या डोळस कारागिराने तक्रार केली, त्यांना हात लावायला मनाई झाली. तरी मोंताल १८३०च्या सुमारास बाहेर सूर लावू लागला, पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं. हेही हातकामच, पण त्याने स्वतः निवडलेलं. लंडनला १८७२ साली अंधांसाठी निघालेल्या रॉयल नॉर्मल कॉलेजात हे रीतसर शिकवलं गेलं. ते चालवणारे कॅम्पबेल स्वतः अंध होते.

गुंडाळी: असा कान किती जणांना असतो? उरलेल्यांना वेतच हवा.

शिवणटाका: किंवा गणित, कायदा. इंग्लंडचे हेन्री फॉसेट १८५८ला अंध झाले, १८८०ला पोस्टमास्टर जनरल, म्हणजे टपाल खात्याचे मंत्री.

गुंडाळी: फॉसेट केंब्रिजला शिकून झाल्यावर अंध झाले हो, पंचविशीत. जन्मतः अंध गरिबाच्या पोराशी त्यांची तुलना नको. मामांना विचारून वेत दिला नव्हता, हे मान्य. पण आज सत्तरीतही शेजाऱ्यांची फाटकी खुर्ची दिसली की ते ती स्वतःहून ओढून घेतात, बोटांनी चाचपतात, दोन दिवसांत विणून परत देतात. पैसे घेत नाहीत. ही सक्ती म्हणायची का?