पर्सीला दरीत सोडून लेखक वर्षभर गायब

कोणीतरी म्हटलंय की मालिकेतलं पुस्तक शेवटच्या पानावर अर्धवट लटकवून ठेवणं म्हणजे वाचकांची सरळ फसवणूक, ते मला अर्धंच पटतं. रिक रायर्डनच्या ग्रीक-रोमन देवांच्या मुलांवरच्या मालिकेतलं 'द मार्क ऑफ अथीना' घ्या, २०१२ च्या ऑक्टोबरात आलेलं. शेवटाला नायक पर्सीच्या मैत्रिणीच्या, म्हणजे अ‍ॅनाबेथच्या पायाला कोळ्याचा धागा अडकलाय, ती खाली ओढली जातेय, पर्सीने एका हाताने कडा धरलाय आणि दुसऱ्याने तिला, आणि मग हा पठ्ठ्या चक्क कडा सोडून देतो! दोघं गेले टार्टारसमध्ये, म्हणजे ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या तळाशी, आणि पुढचा भाग २०१३ च्या ऑक्टोबरात. वर त्या पुढच्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत लेखक आधी सॉरी म्हणतो आणि लगेच छे, तसं काही नाही म्हणून खदाखदा हसतो, म्हणजे जखमेवर मीठच ना :)

पण तरी मला ते चाललं, कारण अ‍ॅनाबेथ ज्या अथीना देवीच्या मूर्तीसाठी निघालेली असते ती सापडते, म्हणजे त्या पुस्तकाचं काम झालेलं असतं. 'हंगर गेम्स' मालिकेतल्या 'कॅचिंग फायर'चंही तेच, नायिकेचं घर असलेलं डिस्ट्रिक्ट १२ उरलंच नाही हे शेवटच्या ओळीत कळतं पण तोवर रिंगणातला जीवघेणा खेळ संपलेला असतो. डोकं फिरतं ते एकच गोष्ट मधोमध कापून दोनदा पैसे घेतात तेव्हा.

आणि आमच्या लायब्ररीत तर भाग एक आणि तीनच असतात, दोन कोणीतरी नेलेला असतो तो परत येतच नाही. त्याला काय म्हणायचं सांगा.